फांदी किती जाडीची जाते?

फांद्या बारीक करून बागेत पसरायचं मशीन घ्यायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात: फांदी किती जाडीची जाते? दुकानदार तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतो, आणि घेणारा तोच आकडा बघून घेतो. माझं मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. खरं तर विचारलाच नाही तरी चालेल.

हे आत्ता सुचायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत सध्या असं मशीन घ्यायचं घाटतंय. तीन कोटेशनं आलीत. एकात 60 मिलिमीटर, दुसऱ्यात 100, तिसऱ्यात 150. ग्रुपवर तिन्ही पीडीएफ फिरून झाल्या आणि साहजिकच जनमत दीडशेवाल्याकडे झुकलं. "घ्यायचं तर मोठंच घेऊ, परत परत कुठे घेणार?" हे वाक्य मी आत्तापर्यंत चार जणांकडून ऐकलंय. त्या चौघांपैकी एकही जण त्या मशीनजवळ उभा राहणार नाहीये, हे ओघाने आलंच.

मुळात मशीन हवंच कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात पावसाच्या आधी गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री यांच्या पसरलेल्या फांद्या उतरवाव्या लागतात. (त्यालाही महापालिकेची परवानगी लागते, 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे.) मग त्या फांद्या मागच्या भिंतीशी पडून राहतात, आणि थंडीत एका पहाटे कोणीतरी त्याला काडी लावतं. कचरा उघड्यावर जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांत सरळ मनाई केली होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादाने जाळणाऱ्याला साधा 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000 रुपये दंड सांगितला. दंडाचं सोडा, तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या आणि आजोबांच्या छातीत जातो.

आणि जळतं ते सोनं असतं हो! त्याच फांद्यांचे इंच-दीड इंचाचे तुकडे करून झाडाखाली तीन-चार इंच थर द्या, एप्रिल-मे मधलं पाणी बरंच वाचतं, तण कमी येतं, आणि दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. फक्त खोडाला चिकटवून ढीग करायचा नाही, वीतभर जागा सोडायची, नाहीतर साल कुजते. "ताजं लाकूड जमिनीतला नत्र खातं" असं कोणीतरी हमखास सांगतं. ते मातीत खोल मिसळलं तर. वरच्यावर पसरलं तर मुळांच्या वाटचं काही फारसं जात नाही. शिवाय ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात घालायला कोरडं, कर्बयुक्त काहीतरी लागतंच. ते आपण विकत आणतो आणि इकडे फांद्या जाळतो!

आता मशीनं. गावाकडून आलेला कोणीही पहिल्यांदा म्हणतो, "कडबाकुट्टीत घाला की." सुबाभूळ, गिरिपुष्प यांचे कोवळे हिरवे शेंडे कडबाकुट्टीत जातात, खोटं नाही. पण ती पाती चाऱ्यासाठी आहेत. वाळलेली गुलमोहराची फांदी घातली की पातं तरी तुटेल नाहीतर मोटर तरी बसेल.

बाकी प्रकार मुख्यतः तीन. एक चिपर: फिरणाऱ्या चकतीवर किंवा ड्रमवर धारदार पाती, समोर एक स्थिर पातं, आणि मधल्या फटीत फांदी तासली जाते. दुसरा हातोडीवाला श्रेडर: बोथट लोखंडी पट्ट्या गरगर फिरून माल कुटतात. वाळका पाला, काटक्या, किरकोळ सटरफटर याला उत्तम, जाड फांदीला नाही. तिसरा म्हणजे सावकाश फिरणारा दातेरी रोलर. फांदी स्वतःच ओढून घेतो आणि चिरडतो. आवाज खूप कमी, घरच्या 15 अँपियरच्या प्लगवर चालतो (अडीच किलोवॅट म्हणजे साधारण 11 अँपियर), पण साधारण चार-साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि ओला पाला घातला की लगदा होऊन अडकतो. बंगल्याच्या बागेला मी डोळे मिटून हाच सुचवेन. फक्त लांबलचक बारीक एक्स्टेन्शन लावू नका, व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते.

तर आता तो आकडा. आमच्या धंद्यात एक जुनी गंमत आहे. सर्व्हर विकणारा सांगतो सेकंदाला इतक्या हजार रिक्वेस्ट, आणि ते खरंही असतं, फक्त त्या रिक्वेस्टमध्ये काहीच नसतं. दीडशे मिलिमीटरचं तसंच. ती फांदी सरळ असते, ओली असते, मऊ लाकडाची असते, आणि पाती त्याच दिवशी धार लावलेली असतात. शिवाय जाडी दुप्पट झाली की कापायचं लाकूड चौपट होतं, हे शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ. पन्नासची फांदी लीलया खाणारं मशीन शंभरच्या फांदीला चौपट दमतं. म्हणून मोठा आकडा दिसला की त्याच्या शेजारचा एचपीचा आकडाही बघा. मोठं तोंड आणि तेवढंच छोटं इंजिन असेल तर तो आकडा फक्त छापण्यापुरता.

मी टेप घेऊन आमच्या ढिगाजवळ गेलो होतो. मनगटापेक्षा जाड फांद्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि त्या तशाही राहत नाहीत, पाणी तापवायच्या बंबासाठी कोणी ना कोणी मागून नेतंच. राहतं ते बारीक, वाकडंतिकडं, दुबेळक्यांचं जंजाळ. म्हणजे खरा प्रश्न जाडीचा नाही, तोंडाच्या आकाराचा आहे. दोन बोटं जाडीची पण वाय आकाराची फांदी "शंभर मिलिमीटर"च्या गोल नळीत जातच नाही! मग कोणीतरी कोयता घेऊन बसतं आणि प्रत्येक दुबेळकं सुटं करतं. मशीन पाच मिनिटं चालतं, कोयता पन्नास मिनिटं. अडणारी जागा कोयत्याची आहे, आणि आपण मीटिंगमध्ये मोटरची चर्चा करतोय.

तो कोयता आमच्या माळीमामांच्या हातात असणार आहे, आणि मशीनमध्ये फांदी सारणारा हातही त्यांचाच. त्यांना मी तिन्ही चित्रं मोबाईलवर दाखवली. जाडीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते असं, "साहेब, बंद करायचा खटका कुठंय? आणि बंद केल्यावर किती वेळ फिरतं?" मामांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. चौदाव्या वर्षी, गावी, कडबाकुट्टीत गेली.

तीन पीडीएफपैकी एकातही त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. जड ड्रम वीज बंद केल्यावरही चांगला वेळ फिरत राहतो, आणि अडकलेली फांदी काढायला हात नेमका तेव्हाच आत जातो. मळणीयंत्रात इतके हात गेले की 1983 साली आपल्याकडे धोकादायक यंत्रांचा एक केंद्रीय कायदाच करावा लागला. आणि तिथेही कळीचा मुद्दा काय, तर माल सारायची घसरण कशी असावी! फांद्यांच्या मशीनलाही हाच नियम लावा: हात पूर्ण आत घातला तरी पात्यापर्यंत पोचता कामा नये. (ज्यांनी 1996 चा 'फार्गो' पाहिलाय त्यांना जास्त समजावून सांगायची गरज नाही.)

आमचं दीडशेवालं मशीन नेमकं इथे नापास होतं. तोंड मोठं, घसरण आखूड, बंद करायचं बटण मागच्या बाजूला. विक्रेत्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "सर, हातमोजे देतो ना सोबत!" सैल हातमोजा फांदीत अडकून हाताला आत घेऊन जातो, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. मोजे घालायचेच तर मनगटाला घट्ट बसणारे, आणि शेवटचा तुकडा हाताने नाही, पुढच्या फांदीने ढकलायचा. चष्मा आणि कानाला बोंडं तर हवीतच.

माझं मत शंभरवाल्याला आहे. जाडीसाठी नाही. त्याचं तोंड रुंद फनेलसारखं आहे, घसरण लांब आहे, समोर दाबायचा दांडा आहे जो नुसत्या मांडीने ढकलला तरी मशीन थांबतं, आणि पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात. पात्यांचा मुद्दा कोणी काढत नाही, पण धार गेली की स्वच्छ तुकड्यांऐवजी सालींच्या लांब चिंध्या आणि भुसा पडायला लागतो, मशीन कापायच्या लागतं, आणि वैतागून ते शेडमध्ये जातं. धार लावून कोण देणार, कितीला देणार, नवी पाती पुण्यात मिळतात की मागवावी लागतात, हे कोटेशनवर लिहून मागायचं. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि चिपर जवळून त्याच्या कैक पट ओरडतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा, दहा ते बारा, बास.

आणि डेमो आमच्या ढिगावर, आमच्या वाकड्या फांद्यांवर, मामांच्या हातून. विक्रेत्याने आणलेल्या सरळसोट निलगिरीवर नको. मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभा राहीन, बंद केल्यापासून पातं थांबेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायला. वर्षातून एकदाच छाटणी होत असेल तर मात्र विकत घेऊच नका, शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एक घ्या किंवा भाड्याने आणा. सेक्रेटरी आपापसात बोलत नसतील तर तो वेगळा विषय आहे.

राहता राहिल्या नारळाच्या झावळ्या. त्या यातल्या कुठल्याच मशीनला नीट जात नाहीत, धागे ड्रमला गुंडाळून बसतात. त्यांचे हीर काढून मामा खराटे करतात. चांगले टिकतात, पाहिजे असेल तर सांगा.