चारशे मीटर कागदावरचे

कांदा आणि लसूण या अ‍ॅलियम प्रजातीतल्या दोन जाती. दोन्हींचे मूळ मध्य आशियाच्या थंड डोंगराळ पट्ट्यात, दोन्हींची गुणसूत्रे 16. थंडी दोघांनाही लागते, पण कामे वेगळी. कांद्याच्या मातृकंदाला काही आठवडे 9 ते 13 अंशांची थंडी मिळाली की दांडा निघतो. लसणाची पाकळी त्याच थंडीत गड्डा धरण्याची तयारी करते. घाटावरच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली भागातल्या हिवाळी रात्री कांद्याच्या गोंड्यांना मानवतात.

फुलापाशी दोघांच्या वाटा फुटतात. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर मागाहून. बी भरायचे तर मधमाशी हवीच. पण तीच माशी शेजारच्या वाणाचा परागही घेऊन येते. लसणाचे फूल वांझ. 1980च्या दशकात मध्य आशियात बी धरणारे काही लसूण सापडले, तरी शेतातला लसूण पाकळीवरच वाढतो. त्याला हेक्टरी 500 किलो पाकळ्या लागतात, तर कांद्याला 8 ते 10 किलो बी पुरते. लसणात परागाची भेसळ नाही, मात्र विषाणू पाकळीतून पिढ्यानपिढ्या उतरतात.

प्रमाणित कांदा बियाण्यासाठी विलगीकरण अंतर काही शे मीटर, पायाभूतसाठी 1000. नुसते 400 मीटर धरले, तरी तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे 50 हेक्टर. एका एकराच्या प्लॉटसाठी सव्वाशे एकरांत दुसऱ्या वाणाचा गोंडा नको! तुकड्या-तुकड्यांच्या शिवारात चार शेजाऱ्यांनी चार कंपन्यांशी बीजोत्पादनाचे करार केले की हे अंतर तपासणी अहवालापुरतेच उरते. तपासणारा बांधावर उभा राहून रकाना भरतो, शेजारचा गट नंबर विचारतही नाही. सत्यदर्शक बियाण्याला तर प्रमाणीकरणाची सक्तीच नाही. पुढे वाणाच्या शुद्धतेत माल नापास झाला की पैसे अडतात ते उत्पादकाचे. रकाना भरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

उत्पादकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. खाण्याच्या कांद्यातले डेंगळे उपटायचा आळस, ऐन फुलोऱ्यात भरदुपारी कीटकनाशक, आणि मग बी पोचट निघाले म्हणून हवामानाला दोष. ऑक्टोबरात लागवडीआधी गावाने बसावे, एका शिवाराला एकच वाण ठरवावा, कंपनीला तो लेखी कळवावा. ज्याला वेगळाच वाण हवा, त्याने त्या शिवारात लसूण लावावा. मात्र पाकळ्या विषाणूचे पिवळे पट्टे दिसलेल्या प्लॉटमधल्या घेऊ नयेत.