बोध करणें हें कोणाचें काम ?

पुढील प्रकार आमच्या बहुतेक वाचकांच्या पाहण्यांत आला असेल. एखादा मुलगा परीक्षेंत नक्कल करितांना सांपडतो. शाळेच्या नियमाप्रमाणें त्यास शिक्षा होते. रविवारच्या उपासनेपूर्वींच ती बातमी साऱ्या मंडळींत पसरते. उपासना आटोपल्यावर लोक घोळक्याघोळक्यांनीं उभे राहून तिच्याविषयीं बोलतात. कोणी त्याच्या आईबापांकडे पाहून हळहळतात, कोणी आपल्या मुलांस त्याच्यापासून दूर राहण्यास बजावतात. परंतु त्या मुलाजवळ जाऊन, "बाळ, असें कां झालें ?" असें विचारणारा एकही मनुष्य निघत नाहीं. तें काम पाळकसाहेबांचें, अशी सर्वांची समजूत असते. आणि पाळकसाहेबांच्या मागें तर शंभर कामें असतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळें आमच्या मंडळ्यांचें मोठें नुकसान होत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत पौलानें एकमेकांस बोध करण्याच्या सामर्थ्याविषयीं जो भरंवसा दाखविला आहे, तो एकट्या पाळकाविषयीं नसून तेथील सर्व बंधुजनांविषयीं आहे. तेथें बोध करणें या अर्थीं जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्यांत 'मन' व 'ठेवणें' असे दोन भाग आहेत. आपल्या भाषेंतील 'मनावर घालणें' हा प्रयोग त्याच्या अगदीं जवळचा होय. याच शब्दावर भर देऊन जे अॅडम्स या अमेरिकन पाळकांनीं १९७० सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि शास्त्राच्या आधारें मनुष्यास सल्ला देण्याचें काम मंडळीनें पुन्हां आपल्या हातीं घ्यावें, असें प्रतिपादन केलें. त्यांचें हें मुख्य म्हणणें आम्हांस मान्य आहे. जेथें तें मान्य नाहीं, तें पुढें सांगूं.

बोध करावा, परंतु कसा ? नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हां त्यानें आल्याबरोबर आरोपांचा भडिमार केला नाहीं. एका गरीब मनुष्याच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट त्यानें सांगितली, आणि राजानें आपल्याच तोंडानें आपला न्याय केला. अपुल्लोस हा मोठा वक्ता. परंतु त्याच्या शिक्षणांत उणेपणा होता. अक्विला व प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या दांपत्यानें त्यास भर सभेंत टोकलें नाहीं. आपल्याकडे नेऊन सर्व नीट समजावून दिलें. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें हाच क्रम घालून दिला आहे : पहिल्यानें एकांतीं, मग एकदोघांस बरोबर घेऊन, आणि अगदीं शेवटीं मंडळीपुढें. आपण याच्या नेमकें उलट करितों. पहिल्यानें सर्व मंडळीस कळवितों, मग दोघांतिघांत चर्चा करितों, आणि ज्याची गोष्ट त्यास शेवटीं सांगतों, किंवा कधींच सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट. 'असें करूं नको' एवढेंच सांगणारा बोध हा अर्धा बोध होय. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायांत चोराविषयीं जें लिहिलें आहे, तें चोरी सोडण्यापाशीं थांबत नाहीं. त्यानें हातांनीं श्रम करावे आणि गरजवंतास देण्यास त्याच्यापाशीं कांहीं असावें, येथपर्यंत तें जातें. जुनी संवय टाकावयाची, तर तिच्या जागीं नवी घालावी लागते. वरील मुलानें नक्कल केली याचें कारण बहुधा त्याचें गणित कच्चें, आणि घरीं बापाच्या माराची धास्ती. अशा मुलास नुसता उपदेश काय कामाचा ? मंडळींतील एखाद्या जाणत्या गृहस्थानें रोज सायंकाळीं अर्धा तास त्यास जवळ बसवून गणित शिकवावें, आणि दुसऱ्या कोणीं त्याच्या बापाची समजूत घालावी. म्हणजे तो बोध पुरा झाला. दारूच्या नादीं लागलेल्या मनुष्यास शंभर वचनें ऐकविण्यापेक्षां पगाराच्या दिवशीं त्याच्या सोबतीनें घरापर्यंत चालत जाणारा शेजारी अधिक उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट धीराची. पालट एका दिवसांत होत नाहीं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु आपणांस ख्रिस्ताची खरी ओळख त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं पटली, असें त्यांनीं आपल्या साक्षींत स्वतःच नमूद केलें आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या काळांत त्यांच्या मनांतील सोंवळेंओंवळें कसकसें सैल होत गेलें, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. टिळकांसारख्या भक्ताचा तापट स्वभावही बाईंनीं तेथें लपविलेला नाहीं. अशा थोरांस जर वर्षें लागलीं, तर आपल्या शेजाऱ्यानें आठ दिवसांत सुधारावें, हा हट्ट आपण कां धरावा ?

आतां मर्यादेविषयीं. ज्यास आपण आपलें दुःख सांगितलें, त्यानें तें आपल्या पोटांत ठेविलें पाहिजे. गुप्त गोष्ट 'प्रार्थनेसाठीं' म्हणून चार घरीं सांगणें ही चहाडीच होय. परंतु गुप्ततेलाही सीमा आहे. लहान मुलावर कोणी लैंगिक अत्याचार करीत असेल, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें ज्यास ज्यास समजलें त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे; तेथें मंडळीच्या अब्रूची सबब चालावयाची नाहीं. मार खाणाऱ्या स्त्रीस 'सहन कर' असें सांगून परत पाठविणें हा बोध नव्हे. तिच्या संरक्षणासाठीं २००५ चा कायदा आहे. तसेंच मनाचे कांहीं विकार हे ताप-खोकल्याप्रमाणें खरोखरीचे आजार असतात. अॅडम्स यांनीं मानसोपचारशास्त्राविषयीं जी कडक भाषा वापरली, ती आम्हांस येथेंच मान्य नाहीं. लूक हा वैद्य होता, आणि पौलानें त्यास प्रिय म्हटलें आहे. ज्यास जीव नकोसा झाला आहे, त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, त्यास एकटें सोडूं नये, आणि त्यास डॉक्टरांकडेही न्यावें. मनाच्या त्रासासाठीं १४४१६ व संकटांतील मुलांसाठीं १०९८ हे सरकारी दूरध्वनि-क्रमांक प्रत्येक घरीं भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

पालकहो, आपलें मूल चुकलें तर तें प्रथम आपणांकडे येईल, कीं आपणांपासून लपेल ? याचें उत्तर आपण आज घरीं दुसऱ्याच्या मुलाविषयीं कसें बोलतों, यावर अवलंबून आहे. मुलें तें ऐकत असतात. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही हें काम करितां येतें. वर्गांत ज्याच्या शेजारीं कोणी बसत नाहीं, त्याच्या शेजारीं जाऊन बसा. बोधाचा आरंभ बहुतेक वेळां तेथूनच होतो, आणि त्यासाठीं पाळकाचा झगा लागत नाहीं.