डीएपी मिळेना म्हणून नुसता युरिया नको : पठारावरील बटाट्याचे खत नियोजन

खरीप बटाटा म्हटले की पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे सातगाव पठार डोळ्यांसमोर येते. पावसाच्या भरवशावर, हलक्या आणि निचऱ्याच्या जमिनीत घेतले जाणारे हे पीक आहे. बेण्यावर सर्वात जास्त पैसा जातो आणि मग खताच्या वेळी हात आखडतो. त्यात दुकानात डीएपी नसले, किंवा त्यासोबत नको असलेली औषधे गळ्यात मारली जात असली, की शेतकरी युरियाच्या दोन गोण्या घेऊन घरी येतो. नुकसानीची सुरुवात इथेच होते.

बाजारात काय चालले आहे?

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीची ५० किलोची गोणी अनुदानामुळे १,३५० रुपयांवर रोखून धरली आहे. पण चीनने निर्यातीवर आणलेल्या निर्बंधांमुळे पुरवठ्याची ओढाताण झाली. पालाश तर आपण जवळपास पूर्णपणे आयात करतो. खरीप २०२२ मध्ये पालाशावर किलोमागे २५.३१ रुपये अनुदान होते. खरीप २०२५ मध्ये ते २.३८ रुपये होते. म्हणजे बटाट्याला जे अन्नद्रव्य सर्वाधिक लागते, त्यालाच सर्वात कमी आधार आहे. दरांची ही रचना आपल्याला नत्राकडे ढकलते.

पिकाला काय लागते?

एक टन बटाट्याबरोबर साधारण ५ ते ६ किलो पालाश शेताबाहेर जाते. एकरी ८ टन उत्पादन काढले, तर ४० ते ४८ किलो पालाश गेले. ते परत दिले नाही, तर कंद पोसत नाहीत. नत्र जास्त झाले की पाला माजतो, पीक उशिरा पक्व होते आणि कंदातील शुष्क पदार्थ घटतो. चिप्ससाठी माल देणाऱ्यांना याचा फटका थेट प्रतवारीत बसतो. शिवाय पठारावरच्या जोरदार पावसात एकदम टाकलेले नत्र मुळांच्या खाली वाहून जाते.

डीएपीशिवाय जमते का?

जमते. राज्यातील सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी आहे. एकरी ती ४०:२४:४८ किलो होते. त्यासाठी एका एकराला :

- लागवडीवेळी : सिंगल सुपर फॉस्फेट ३ गोण्या (१५० किलो), म्युरेट ऑफ पोटॅश ८० किलो, युरिया १ गोणी.
- लागवडीनंतर सुमारे एक महिन्याने, भर देताना : युरिया १ गोणी.

सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर सुमारे १६ किलो गंधकही मिळते. डीएपीत ते नसते. चिप्सच्या वाणांना परवडत असेल, तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. खत बेण्याला थेट चिकटू देऊ नका, सरीत मातीत मिसळा. चांगले कुजलेले शेणखत मात्र चुकवू नका. हलक्या जमिनीत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम तेच करते.

दुसऱ्या डोंगराची नक्कल नको

निलगिरीतील बटाट्याला हेक्टरी २४० किलो स्फुरदाची शिफारस आहे. मोबाईलवर हा आकडा पाहून आपल्याकडेही तेवढे टाकावे का, असे काही जण विचारतात. टाकू नका. तिथली माती आम्लधर्मी आहे आणि ती स्फुरद घट्ट बांधून ठेवते, म्हणून तिथे ते जास्त द्यावे लागते. पीक एकच असले म्हणून माती सारखी नसते.

आता काय करावे?

लागवडीच्या महिनाभर आधी माती तपासा. अहवालात अन्नद्रव्य कमी असेल तर मात्रा सुमारे पाव हिश्शाने वाढवा, भरपूर असेल तर तेवढीच घटवा. कृषी सहायकांनी गावाच्या बैठकीत गोण्यांचा हा हिशेब फळ्यावर मांडावा. पैसा कमीच असेल, तर युरियाची जादा गोणी सोडा; पालाश सोडू नका.