दोष बियाचा कीं जमिनीचा?

पेरलेलें उगवलें नाहीं, अथवा उगवून खुरटलें, म्हणजे सारा दोष बियाच्या माथीं मारण्याची आपल्याकडे चाल आहे. पालकवर्गास आमची विनंति अशी कीं, दुकानदाराशीं भांडावयास जाण्यापूर्वीं त्यांनीं जमिनीची आम्लता एकवार तपासून घ्यावी.

ही आम्लता ‘सामू’ ह्या अंकानें मोजतात. १९०९ सालीं डेन्मार्कांतील सोरेनसेन ह्या रसायनशास्त्रज्ञानें ही मोजणी काढली. ७ हा अंक समतोलाचा. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. एक अंक उतरला कीं आम्लता दसपट होते. अर्थात् ५ सामूची माती ७ सामूच्या मातीहून शंभरपट आम्ल. कोंकणचा धोधो पाऊस जमिनींतील चुना वर्षानुवर्षें धुवून नेतो, त्यामुळें जांभ्याची तांबडी माती बहुधा आम्लच आढळते.

विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. बीं आपली शिदोरी बरोबर घेऊन येतें. ओल, ऊब व हवा मिळाली कीं पुष्कळ बियाणीं आम्ल मातींतही मोड काढतात. खरें संकट पुढेंच आहे. सामू सुमारें ५ च्या खालीं गेला म्हणजे मातींतील ॲल्युमिनियम पाण्यांत विरघळूं लागतें व कोंवळ्या मुळाचें टोंक वाढावयाचें थांबतें. मुळें आंखूड व जाड होतात. स्फुरद मातींत असूनही रोपाच्या हातीं लागत नाहीं. कडधान्यांच्या मुळांवर गांठी करून हवेंतील नत्र पुरविणारे जंतूही दुबळे पडतात. भाताच्या खाचरांत पाणी तुंबलें कीं आम्लता आपोआप कमी होते, आणि नाचणी ती बरीच सोसते. म्हणून हें दुखणें आपल्याकडे झांकून राहतें.

पान पिवळें दिसतांच अमोनियम सल्फेटचें पोतें आणावयाचें, हें मात्र आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्या खतानें आम्लता वाढते. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्यांस हें खत सतत दिलें व चुना दिला नाहीं, तेथें सामू ४ च्या खालीं गेला. कुरणांतील नाना जातींच्या वनस्पति नाहींशा होऊन दोनतीन जातींचें गवतच काय तें उरलें.

उपाय चुन्याचा, पण तोही मातीची परीक्षा करूनच. देशावरील काळ्या जमिनींत चुनखडी आधींच भरपूर असते, तेथें चुना टाकणें म्हणजे केवळ अपव्यय. सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामूचा अंक छापलेला असतो. पण पत्रिका घरांत असून तो वाचणारे किती?

शाळेच्या बागेंतील सर्वांत मोठ्या भोपळ्यास बक्षीस देण्याची रीत आहे. आमच्या मतें तें बक्षीस मुळें पाहणाऱ्या मुलास मिळावें. आम्ल माती दोन कुंड्यांत भरावी, एकींत थोडा चुना मिसळून ती कांहीं आठवडे ओली ठेवावी, मग दोहोंतही चवळी पेरावी. तीन आठवड्यांनीं रोपें अलगद उपटून, धुवून, कागदावर शेजारीं शेजारीं मांडावीं, आणि तो कागद घरीं वडिलांस दाखवावा.