हुशार पोरगं, पण चित्त थाऱ्यावर नाही: कॉलेज कोणतं निवडावं?

बारावीचा निकाल लागला, की गावोगावी एकच चर्चा: पोराला कुठं घालायचं? टक्के बरे पडले, की बापाच्या तोंडी शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजचं नाव येतं. पण काही घरांतली अडचण उघड बोलली जात नाही. पोरगं गणित तोंडी सोडवतं. मात्र एका जागी बसत नाही, वही विसरतं, काम अर्धं टाकून उठतं. गाव त्याला 'उडाणटप्पू' म्हणून मोकळं होतं. डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. मेंदूच्या वाढीशी निगडित ही अडचण लहानपणापासून असते. आळसाशी तिचा संबंध नाही. मुलींमध्ये धावपळ कमी, हरवलेपण जास्त दिसतं. म्हणून त्या बरेचदा नजरेतून सुटतात.

गावात हे निभावतं. आई उठवते, गुरुजी वही तपासतात. होस्टेलवर हा आधार एकदम सुटतो. हजेरी, सबमिशन, सेमिस्टरची परीक्षा, सगळं स्वतःच सांभाळायचं. मग विषय राहतात अन् 'पोरगं शहरात बिघडलं' असा शिक्का बसतो.

कायद्याचा आधार किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा नुसत्या एडीएचडीच्या कागदावर मिळत नाहीत. मात्र अनेक मुलांत दोन्ही अडचणी सोबत असतात. म्हणून दोन्हींची तपासणी करून घ्यावी. लेखनिक देताना ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं. त्या निकालाचा हवाला देऊन सवलत मागता येते. पण ती सहज मिळेल, असं धरून चालू नये.

म्हणूनच कॉलेज पारखून घ्यावं. पसंतीक्रम भरण्याआधी स्वतः जाऊन विचारावं: एका वर्गात पोरं किती? प्रत्येकावर लक्ष ठेवणारा शिक्षक नेमलाय का? समुपदेशक रोज बसतो, की फक्त बोर्डावर नाव आहे? परीक्षेत जादा वेळेचा अर्ज कुणाकडे द्यायचा? पोरगं दोन आठवडे वर्गात दिसलं नाही, तर घरी कळवतात का? सरळ उत्तरं देणारं तालुक्याचं लहान कॉलेज, टाळाटाळ करणाऱ्या मोठ्या नावापेक्षा बरं.

तपासणीला बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. दहावीतच जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांची चौकशी करावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गुरुजी अन् ग्रामसेवकांनी अशा घरी जाऊन एवढं समजावलं, तरी एखाद्या पोराचं वर्ष वाचेल.