कारागीर घडवणारी युनियन आणि तिचा बंद दरवाजा

अमेरिकेत सध्या अप्रेंटिसशिपला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला आणि दहा लाख नव्या अप्रेंटिसांचा टप्पा ओलांडण्याची योजना तयार करायला आपल्या मंत्र्यांना सांगितलं. त्याच्या तीन महिने आधी, 21 जानेवारीला, याच सरकारने 1965 चा एक जुना आदेश रद्द केला होता. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांनी भरतीत वंश, रंग, धर्म यावरून भेदभाव करू नये आणि सर्वांना समान संधी मिळावी म्हणून स्वतः पावलं उचलावीत, असं तो आदेश सांगत होता. पहिल्या बातमीवर आपल्याकडे थोडीफार चर्चा झाली, दुसरीवर जवळपास नाहीच. खरं तर दोन्ही बातम्या एकत्र वाचल्याशिवाय विषय कळत नाही, आणि आपल्या समाजाला तो कळायला हवा.

उदाहरण म्हणून साऊंड आणि कम्युनिकेशन टेक्निशियनचं काम घेऊ. इमारतीतली कमी दाबाची सगळी वायरिंग यात येते. सीसीटीव्ही, फायर अलार्म, इंटरनेटची केबल, फायबर, हॉस्पिटलमधली नर्सला बोलावणारी बेल, सभागृहातली स्पीकर व्यवस्था, सगळं. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव इथली आपली किती मुलं हेच काम करतात ते वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की आपला मुलगा ते उस्तादाच्या हाताखाली शिकतो आणि दहा वर्षांनंतरही कागदावर तो कुणीच नसतो.

अमेरिकेत हे काम शिकवणारी मोठी व्यवस्था युनियनची आहे. इलेक्ट्रिकल कामगारांची आयबीईडब्ल्यू ही संघटना 1891 मध्ये सेंट लुईसला स्थापन झाली. ठेकेदारांची नेका ही संघटना 1901 ची. या दोघांनी 1941 मध्ये प्रशिक्षणाची संयुक्त राष्ट्रीय समिती काढली. गावोगावच्या समित्यांवर कामगारांचे आणि ठेकेदारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने बसतात. केबल आणि कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा, काही ठिकाणी त्याहून मोठा. मुलाची बीजगणित आणि वाचनाची परीक्षा होते, मग मुलाखत होते. त्यानंतर दिवसा साईटवर काम आणि जोडीला वर्ग. वर्षाला किमान 144 तास वर्ग असावेत, असं तिथले सरकारी निकष सुचवतात.

पण मुख्य गोष्ट पैशांची आहे. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो. पूर्ण कारागिराच्या दराच्या साधारण 40 ते 50 टक्क्यांपासून सुरुवात होते आणि टप्प्याटप्प्याने तो वाढत जातो. वर्ग, शिक्षक, साहित्य यांचा खर्च निघतो तो करारातून. कामगाराने भरलेल्या प्रत्येक तासामागे ठेकेदार ठरलेली रक्कम प्रशिक्षण निधीत टाकतो. त्यामुळे एका ठेकेदाराने मुलगा शिकवला आणि दुसऱ्याने पळवला, तरी कुणाचं नुकसान होत नाही, कारण शिकवण्याचा खर्च दोघांनीही भरलेला असतो. आपल्याकडचा उस्ताद शागिर्दाला अर्धा हुनर हातचा राखून शिकवतो, याला लोक त्याचा कंजूषपणा म्हणतात. त्याची अडचण कुणी बघत नाही. आज शिकवलेला मुलगा उद्या समोरच दुकान टाकणार, आणि शिकवण्याचा मोबदला उस्तादाला कुणीच देणार नाही.

इथपर्यंतचं वाचून युनियन म्हणजे गरिबांची माय वाटेल. तशी ती नव्हती. अमेरिकेतल्या बांधकाम क्षेत्रातल्या कित्येक युनियनांनी अनेक दशकं काळ्या कामगारांना दारात उभं केलं नाही. दरवेळी तसा नियम लिहिलेला असायचाच असं नाही, गरजच नव्हती. बापाच्या शिफारशीवर मुलगा, मामाच्या शिफारशीवर भाचा. ज्यांचे बाप-मामा आधीपासून आत नव्हते, त्यांचा नंबर कधी लागणार? न्यू ऑर्लिन्समधल्या अस्बेस्टॉस कामगारांच्या एका युनियनची ही नातेवाईक पद्धत अपील कोर्टाने 1969 मध्ये बेकायदा ठरवली. त्याच वर्षी निक्सन सरकारने फिलाडेल्फिया प्लॅन आणला. सरकारी पैशाचं बांधकाम हवं असेल तर अल्पसंख्य कामगार किती घेणार याची उद्दिष्टं सांगा, अशी ती अट होती. ती 1965 च्या त्याच आदेशावर उभी होती, जो आता रद्द झाला. पुढे 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने ड्यूक पॉवर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की ज्या परीक्षेचा कामाशी संबंध नाही आणि जिच्यामुळे काळे उमेदवार जास्त गळतात, ती चालणार नाही.

सगळ्याच युनियनांना कोर्टाने वाकवावं लागलं, असंही नाही. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिशियनांच्या लोकल 3 चे नेते हॅरी व्हॅन आर्सडेल यांनी 1962 मध्ये 25 तासांचा कामाचा आठवडा मिळवला आणि त्यातून निघालेल्या सुमारे हजार अप्रेंटिस जागांवर काळ्या आणि पोर्तो रिकन मुलांनाही मोठ्या संख्येने घेतलं. पण अशी उदाहरणं मोजकीच.

1964 चा नागरी हक्क कायदा अजून जागेवर आहे, त्यामुळे उघड भेदभाव आजही बेकायदाच. गेलं ते दुसरंच. दार उघडं आहे का, हे कंपनीने स्वतः तपासावं आणि आकडे दाखवावेत ही सक्ती गेली. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही. शिवाय तिथल्या खासगी क्षेत्रात जेमतेम 6 टक्के कामगार युनियनमध्ये आहेत. म्हणजे जी चांगली व्यवस्था आहे ती मुळात थोड्यांची, आणि त्या थोड्यांत शिरायला पुन्हा ओळख.

आता आपल्याकडे येऊ. आपला अप्रेंटिस कायदा 1961 चा. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे 5,000 ते 9,000 रुपये ठरलं. 2016 च्या राष्ट्रीय योजनेत सरकार त्याचा 25 टक्के भाग, महिना 1,500 रुपयांपर्यंत, उचलतं. कागदावर ठीक आहे. मात्र याच कायद्याचं कलम 18 म्हणतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. अमेरिकेत अप्रेंटिस पहिल्या दिवसापासून करारातला कामगार, इथे तो कंपनीचा पाहुणा. पाहुण्याच्या बाजूने भांडायला कोण येणार? त्याचं वेतन ठरवताना कामगारांच्या बाजूचा माणूस त्याच्या साईटवर नसतोच. कंपन्या स्वस्त हात म्हणून मुलांना घेतात आणि मुदत संपली की दुसरी बॅच, ही तक्रार जुनीच आहे.

आपल्या समाजाचा प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवलं की मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात आहेत आणि पगारी नोकरीत आपण फार मागे आहोत. मोठ्या कंपनीत मामा नाही, मग अप्रेंटिसची जागा निघाल्याचं कळणारच कसं? कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि 2007 पासून ओबीसींसाठी राखीव जागा आहेत. मोमीन, बागवान, तांबोळी अशा कित्येक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला काढून ठेवलेली मुलं कमी आणि तो अप्रेंटिसशिपसाठीही चालतो हे माहीत असलेली त्याहून कमी. अशा वेळी आपल्या संस्थांनी आणखी एक तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स काढला की काम झालं असं समजणं, हे मला पटत नाही. सर्टिफिकेट वाटणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. कमी आहे ती साईटवर तीन वर्षं उभं राहून पगारासह शिकण्याच्या जागांची.

मस्जिदीच्या स्पीकरचंच बघा. ध्वनी नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने आवाजाची मर्यादा मशीनमध्येच बांधून ठेवण्याकडे लक्ष द्यायला सरकारला सांगितलं. हे काम ट्रस्टींच्या भाषणांनी होत नाही. त्यासाठी हॉर्न कुठे वळवायचा, किती वॅट पुरे, मर्यादा यंत्रात कशी लावायची, हे शिकलेला मुलगा लागतो. मोहल्ल्यात स्पीकर बांधणारे दहा सापडतील, मोजणारा एखादाच.

सुरुवात छोट्यांपासूनही होऊ शकते. 2019 च्या नियमांत चार किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना इच्छा असेल तर अप्रेंटिस घेता येतो. म्हणजे चार-सहा माणसं ठेवून सीसीटीव्ही आणि केबलची कामं घेणारा आपला ठेकेदारही सरकारी पोर्टलवर नोंदणी करून मुलगा रीतसर शिकवू शकतो, आणि मुलाला राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळू शकतं. एका शहरातल्या अशा दहा-पंधरा ठेकेदारांनी प्रत्येक कामामागे थोडी रक्कम एकत्र ठेवली, तर संध्याकाळच्या वर्गाच्या शिक्षकाचा पगार निघेल. वर्गाला जागा शोधायला लांब जायला नको. भायखळ्याचं साबू सिद्दीक 1936 पासून तांत्रिक शिक्षण देतंय. मदरशांचे आणि शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामेच असतात. कलम 18 बदलण्याची मागणी मात्र ठेकेदार करणार नाहीत. ती कामगार संघटनांना करावी लागेल, आणि त्या संघटनांच्या सभासद यादीत आपली नावं आज किती आहेत, हेही कुणीतरी मोजायला घ्यावं.