विरार ते ‘मल्हार’

‘झेवियर्समध्ये आहे? मग काय, रोज पार्टीच असणार!’ १८६९ सालचं कॉलेज, पण लोकांना आठवतो तो १९७९ मध्ये सुरू झालेला ‘मल्हार’ फेस्टच. याच इमेजपायी विरारचे आमचे काका मावसबहिणीच्या अॅडमिशनलाच नाही म्हणत होते. ‘वसईतच शिक!’

मावशीने हट्ट धरला म्हणून बाई गेल्या. आता पहाटे उठून साठेक किलोमीटरवरचं चर्चगेट गाठायचं. सीट मिळाली तर जर्नल, नाहीतर एका पायावर. ‘मल्हार’मध्येही ती व्हॉलंटिअर होती, खुर्च्या उचलायला. शेवटच्या रात्री नाचलीस का, विचारलं.

‘कुठे गं ताई! विरार फास्ट पकडायची होती ना.’

काका हल्ली तिला घ्यायला स्टेशनवर येतात. पार्टीबद्दल काहीच विचारत नाहीत. आधी तिची सॅक घेतात.